व्हायोला डेव्हिस : आधी ‘फेन्सेस’ की आधी ‘मा रेनी’?

अमेरिकन अभिनेत्री व्हायोला डेव्हिसचं काम बघायचं ठरवलंत की दोन नावं लगेच पुढे येतात: ‘फेन्सेस’ (२०१६) आणि ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ (२०२०). दोन्ही सिनेमे नाटककार ऑगस्ट विल्सनच्या नाटकांवरचे आहेत आणि दोन्हींच्या निर्मात्यांत नट डेंझेल वॉशिंग्टन आहे. एकात ती पन्नाशीच्या दशकातल्या पिट्सबर्गमधली गृहिणी आहे, दुसऱ्यात १९२७च्या शिकागोत रेकॉर्डिंगला आलेली ब्लूज गायिका. हाताशी एकच संध्याकाळ असेल तर काय लावायचं? माझं उत्तर ‘फेन्सेस’. पण सिनेमा म्हणून ‘मा रेनी’ उजवा आहे, हेही आत्ताच मान्य करते. या दोन वाक्यांत विरोध दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेव्हिस आणि विल्सन हे नातं जुनं आहे. डेव्हिसचा जन्म १९६५चा, साउथ कॅरोलिनातला. लहानपण ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स या गावात, टोकाच्या गरिबीत गेलं. पुढे न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड या कलाशिक्षणाच्या संस्थेत अभिनयाचं रीतसर शिक्षण झालं. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ती पहिल्यांदा उभी राहिली १९९६ साली, विल्सनच्याच ‘सेव्हन गिटार्स’मध्ये. पहिलं टोनी (ब्रॉडवेवरच्या नाटकांसाठीचं मानाचं बक्षीस) २००१ साली ‘किंग हेडली द सेकंड’साठी मिळालं, तेही विल्सनचंच नाटक. दुसरं टोनी २०१० साली ‘फेन्सेस’साठी आणि २०१७चा ऑस्कर त्याच ‘फेन्सेस’च्या सिनेमासाठी. म्हणजे दोन्ही टोनी आणि आजवरचा एकमेव ऑस्कर तिला विल्सनने लिहिलेल्या बायकांनी मिळवून दिला. त्याने विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकासाठी एक अशी दहा नाटकं लिहिली, कृष्णवर्णीय अमेरिकन माणसांची. त्यांतली नऊ पिट्सबर्गमध्ये घडतात. शिकागोत घडणारं एकटं ‘मा रेनी’.

आता ‘फेन्सेस’. ट्रॉय मॅक्सन हा कचरा गोळा करणारा कामगार, एकेकाळी निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांत, बेसबॉल गाजवलेला. वर्णभेदाच्या भिंतीमुळे मोठ्या लीगचं दार त्याला कधी उघडलं नाही, आणि ते उघडेपर्यंत त्याचं वय निघून गेलं. हा कडवटपणा तो घरात रोज थोडाथोडा वाटत असतो. रोझ ही त्याची बायको. पहिला तासभर रोझ फारसं काही करत नाही असं वाटेल. ती कपडे वाळत घालते, जेवायला वाढते, नवऱ्याच्या फुशारक्या ऐकून हसते, खोटं बोलला की तिथल्या तिथे टोकते. इथे ट्रॉयवरची नजर काढून तिच्याकडे बघा. ट्रॉय झालेला वॉशिंग्टन बोलण्याचा धबधबा लावतो, आणि प्रत्येक वाक्य तिच्या चेहऱ्यावर कुठे जाऊन पडतं ते दिसत राहतं. समोरच्याचं ऐकणं हा अभिनयाचा निम्मा भाग आहे असं आपल्याकडचे तालीम घेणारे सांगून थकतात. त्याचा पुरावा हा पहिला तास आहे.

मग मागच्या अंगणातला तो प्रसंग येतो. दुसऱ्या बाईपासून आपल्याला मूल होणार आहे, हे ट्रॉय तिला सांगतो. वर समर्थनही करतो, की अठरा वर्षं मी एकाच जागी उभा आहे. त्यावर रोझ जे उत्तर देते, त्याचा मतलब इतकाच की त्याच जागी तुझ्या शेजारी मीही उभी होते. माझ्याही इच्छा होत्या, त्या मी तुझ्यातच पेरल्या. डोळे वाहतात, नाक वाहतं, ती पुसत नाही. या वाहत्या नाकाची इंटरनेटवर बरीच टिंगल झाली, ती मला कधीच कळली नाही. असं रडताना रुमाल शोधणारी बाई रोझ नव्हेच. शिवाय खरं शिखर मला पुढच्या शांत प्रसंगात वाटतं. आईविना झालेलं ते बाळ ती पदरात घेते आणि नवऱ्याला एका वाक्यात सांगते की या पोरीला आता आई आहे, पण तुला बायको राहिलेली नाही. आवाज जराही चढत नाही.

२०१० साली ब्रॉडवेवर याच नाटकाचे शंभरावर प्रयोग तिने वॉशिंग्टनबरोबर केले होते. त्या संचातले बहुतेक नट सहा वर्षांनी सिनेमात तसेच आले. त्यामुळे वाक्य कुठे तोडायचं, कुणी कुणाच्या बोलण्यावर चढायचं, हे सगळं अंगात मुरलेलं आहे. तोटाही त्यातच. वॉशिंग्टनने दिग्दर्शक म्हणून नाटकाला जवळजवळ हात लावलेला नाही; सव्वादोन तासांहून मोठा सिनेमा बराचसा त्या एका घरात आणि अंगणात राहतो. ‘हा सिनेमा कुठे, हे तर चित्रित केलेलं नाटक’ ही तक्रार खरी आहे. पण शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्वमध्ये तीन अंक बघून वाढलेल्या माणसाने त्याला बिचकायचं कारण नाही.

एक गंमत. याच रोझसाठी टोनी मिळालं ते प्रमुख अभिनेत्रीचं, आणि ऑस्करला मात्र तिला सहायक अभिनेत्रीच्या गटात उभं केलं गेलं. भूमिका तीच, संवाद जवळपास तेच. बक्षिसांच्या राजकारणाबद्दल कुणी विचारलं तर हे उदाहरण पुरे.

‘मा रेनी’ याच्या अगदी उलट. जॉर्ज सी. वुल्फने दीड तासात संपवलेला, घामेजलेला, धारदार सिनेमा. मा रेनी ही खरीखुरी बाई, ‘ब्लूजची आई’ म्हणून ओळखली जाणारी. १९३९ साली वारली. सिनेमात ती गोऱ्या मालकाच्या स्टुडिओत उशिरा येते, थंड कोकाकोला हातात पडेपर्यंत गायला नकार देते, आणि अडखळत बोलणाऱ्या भाच्याकडूनच गाण्याची सुरुवातीची ओळ म्हणवून घ्यायचा हट्ट धरते. वरवर नखरे, पण आपल्या आवाजापलीकडे या लोकांना आपल्यात रस नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून सही करेपर्यंतचा प्रत्येक क्षण ती वसूल करते. अंगावर जाडी वाढवणारे पॅड, सोन्याचे दात, घामाने ओघळलेला मेकअप. हॉलिवूडने इतकी वर्षं कृष्णवर्णीय बाईचं जे शरीर पडद्यावर एकतर लपवलं किंवा हास्यास्पद केलं, ते डेव्हिस इथे राणीच्या तोऱ्यात मिरवते. वेशभूषेसाठी ॲन रॉथला वयाच्या ८९व्या वर्षी ऑस्कर मिळाला, केशभूषा-रंगभूषेलाही मिळाला. गाण्यांतला बहुतेक आवाज मात्र मॅक्सेन लुईस या गायिकेचा आहे.

मग हा पहिला का नको? कारण हा सिनेमा तिचा नाही, चॅडविक बोझमनचा आहे. त्याचा लेव्ही नावाचा ट्रंपेटवादक तळघरातल्या तालमीच्या खोलीत सगळं जाळत सुटतो. ऑगस्ट २०२०मध्ये, ४३व्या वर्षी बोझमन गेला आणि हा सिनेमा त्याच्या पश्चात आला, म्हणून तर नजर त्याच्यावरून हलतच नाही. डेव्हिसचं काम भव्य आहे, पण ते पूर्ण कळायला तिचा उघडा चेहरा आधी पाहिलेला हवा. रोझचा साधा फ्रॉक आणि वाहतं नाक लक्षात असेल, तर त्या रंगाच्या थराखाली काय चाललंय ते दिसतं. क्रम उलटा केलात तर रंगभूषेचंच कौतुक करत बसाल.

थोडं वेळेबद्दल. दोन तास बसणं जमणार नसेल तर तिसरा पर्याय आहे: ‘डाउट’ (२००८). १९६४ सालच्या ब्रॉन्क्समधली कॅथलिक शाळा, पाद्र्यावर संशय घेणारी मुख्याध्यापिका म्हणून मेरिल स्ट्रीप, आणि एका विद्यार्थ्याच्या आईच्या भूमिकेत डेव्हिस, जेमतेम आठेक मिनिटं. थंडीत दोघी चालत बोलतात. मुलाशी काही वाईट घडत असेल या शंकेवर आई जे बोलते, ते ऐकून आपली न्यायबुद्धी जागच्या जागी गोठते. या आठ मिनिटांवर तिला ऑस्करचं पहिलं नामांकन मिळालं. पूर्ण सिनेमा चांगला आहेच, पण घाईत असाल तर निदान हा प्रसंग बघा.

‘द हेल्प’ने (२०११) सुरुवात करू नका, कितीही जणांनी सुचवलं तरी. तिचं काम सच्चं आहे, पण मोलकरणींची ही गोष्ट शेवटी गोऱ्या मुलीच्या नजरेतून सांगितली जाते. ही भूमिका केल्याची खंत डेव्हिसने स्वतः पुढे बोलून दाखवली आहे. ‘द वुमन किंग’ (२०२२) घरच्यांबरोबर बसून बघायला छान: पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या स्त्री-सैन्याची सेनापती, मारामारी भरपूर, अभिनयाला वाव त्या मानाने बेताचा.

मालिकांचं वेड असलेल्यांसाठी ‘हाऊ टू गेट अवे विथ मर्डर’ (२०१४ ते २०२०) आहे. कायद्याची प्राध्यापक ॲनालीज कीटिंग, दर भागाला एखादा धक्का, कथानक पुढेपुढे भलतंच गुंतागुंतीचं. याच भूमिकेने २०१५ साली ती नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी हे टीव्हीचं बक्षीस जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पहिल्या सीझनमध्ये, एका भागाच्या शेवटी ती आरशासमोर बसून विग, पापण्या, मेकअप एकेक करून उतरवते. तेवढ्यासाठी पहिला सीझन बघा. सहाच्या सहा बघायची सक्ती मी तरी कुणाला करणार नाही.

भाषेचा प्रश्न बऱ्याच जणांना पडेल. विल्सनची इंग्रजी पुस्तकी नाही. ती पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या ओसरीवरची आहे, आणि ‘फेन्सेस’च्या सुरुवातीला ट्रॉय फार जलद बोलतो. सबटायटल्स सुरू ठेवा. शक्य असल्यास तो अंगणातला प्रसंग एकदा सबटायटल्स बंद करून पुन्हा लावा. तोवर शब्द माहीत झालेले असतात. ‘मा रेनी’ नेटफ्लिक्सवर आहे, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. मात्र रात्री उशिरा लावू नका. शेवट बघून लगेच झोप लागेल असा तो सिनेमा नाही.