इंग्रजी-मराठी डिक्शनरी ॲप: एका 'फ्लॅग'नेच पोल खोलली

दोन महिने रोज वापरून मग लिहितोय, डाउनलोड केलं आणि लगेच पाच स्टार ठोकले असं नाही. माझं काम भाषांतराचं, मिळेल ते करतो, मशीनची मॅन्युअल, सबटायटल, वर्षातून एखादी कादंबरी, त्यामुळे डिक्शनरी दिवसभर उघडीच असते. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, बनवणारी टीम छोटी दिसते आणि इथे माझ्या तक्रारीच जास्त आहेत.

कुठलीही नवीन डिक्शनरी हातात आली की मी पहिला शब्द टाकतो फ्लॅग. लहान पोरांच्या चित्रांच्या पुस्तकातला शब्द, पण त्याच्यासारखा फसवा शब्द दुसरा नाही. बहुतेक ठिकाणी झेंडा, ध्वज, निशाण एवढं लिहून मोकळे होतात आणि खरी गोची तिथेच होते, कारण रोजच्या इंग्रजीत हा शब्द नुसता कापडासाठी नाही, 'अहो इकडे बघा' असं सांगायलाही वापरतात.

आधी चांगलं सांगतो. यात फरशीचा अर्थ आहे! फ्लॅग म्हणजे फरसबंदीचा सपाट दगड, आणि तो झेंड्याचा भाऊबंद नाही, वेगळाच शब्द आहे, स्पेलिंग तेवढं सारखं. ॲपने त्याला वेगळा नंबर देऊन खाली ठेवलाय, शाब्बास. ही एक ओळ आधीच्या फुकटच्या साइटवर असती तर माझी अब्रू वाचली असती. कादंबरीत 'फ्लॅग्ड कोर्टयार्ड' होतं आणि मी बिनधास्त 'झेंडे लावलेलं अंगण' लिहून पाठवलं. संपादकबाईंचा फोन आला, म्हणाल्या, अहो या घरात कुणी वारलंय ना, मग झेंडे कसले लावलेत? फरसबंदी अंगण होतं ते. अजून आठवलं की कान गरम होतात.

आता वाईट. क्रियापद म्हणून फ्लॅगचा इथे एकच अर्थ, 'झेंडा लावणे'. बास. ऑफिसच्या मेलमध्ये कुणी लिहितं की मी हा मुद्दा कालच फ्लॅग केला होता, म्हणजे लक्षात आणून दिला होता, खूण करून ठेवली होती, तर ॲपच्या हिशोबाने त्याने मुद्द्यावर झेंडा रोवला. हात करून टॅक्सी थांबवणं म्हणजे फ्लॅग डाउन, तेही नाही. गंमत बघा, डाउन लावलं की गाडी थांबवायची आणि आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ऑफ लावलं की हिरवा झेंडा दाखवून सोडायची, एकाच शब्दाची दोन उलटी टोकं आणि ॲपमध्ये दोन्हीचा पत्ता नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते मरगळण्याच्या अर्थावरून. फ्लॅग होणे म्हणजे गळून जाणे, जोर ओसरणे. 'हिज एन्थुझिॲझम नेव्हर फ्लॅग्ड' म्हणजे त्याचा उत्साह कधी मावळला नाही. ॲपच्या भरवशावर राहिलात तर त्याच्या उत्साहाने कधी झेंडाच लावला नाही असं होतं, आणि फ्लॅगिंग एनर्जीचं तर कुणीही झेंड्यावरून 'सळसळता उत्साह' करून टाकेल, म्हणजे अर्थाच्या बरोब्बर उलट! अर्थ नाही सापडला तर माणूस दुसरीकडे शोधतो तरी, उलटा सापडला की निवांत झोपतो.

पुढे रंगांचे झेंडे. रेड फ्लॅगला 'धोक्याची खूण' दिलंय, ठीक. व्हाइट फ्लॅगला फक्त 'शरणागती' दिलंय, ते अर्धवट आहे, कारण पांढरं निशाण बोलणी करायला येणाराही दाखवतो आणि त्याच्यावर गोळी झाडायची नाही हे युद्धाबद्दलच्या 1907 च्या हेग नियमांत लिहिलेलं आहे. यलो फ्लॅगला काय असेल? एका फुलझाडाचं नाव. चूक नाही हां, पिवळ्या आयरिसला तसं म्हणतातच, पण मी तेव्हा कार रेसचे सबटायटल करत होतो, तिथे पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका. निळा म्हणजे मागून जोरात गाडी येतेय तिला वाट द्या, चौकड्यांचा म्हणजे संपली रेस. आणि जहाजावर पूर्ण पिवळा चढवला तर अजून तिसरंच, आमच्या जहाजावर रोगराई नाही, बंदरात यायची परवानगी द्या. जहाजांची ही झेंड्यांची भाषा 1857 सालची, ब्रिटिशांनी छापलेली, आता प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक झेंडा आहे आणि एकेकट्या झेंड्यालाही अर्थ असतो. ए लावला की आमचा पाणबुड्या खाली आहे, लांबून आणि हळू जा, ओ लावला की माणूस पाण्यात पडलाय. एवढं सगळं डिक्शनरीत नको, मान्य, पण फुलझाडाच्या जोडीला एक ओळ तरी?

कॉम्प्युटरवाला अर्थ तर गायबच. प्रोग्रॅमिंगमध्ये फ्लॅग म्हणजे हो किंवा नाही सांगणारी छोटीशी खूण. प्रोसेसरमध्ये झिरो फ्लॅग असतो, हिशोबाचं उत्तर शून्य आलं की तो एक होतो. (हे मला पोराने तीन वेळा समजावलं तेव्हा कळलं.) मॅन्युअलचं काम करणाऱ्याला हा अर्थ रोज लागतो आणि मराठीत सगळे सरळ फ्लॅगच म्हणतात, 'ध्वज सत्य करा' असं लिहिलं तर वाचणारा मॅन्युअल मिटून ठेवेल. फ्लॅगशिपचं पण तेच, 'नौदलाच्या सेनापतीचं जहाज' दिलंय, मुळात ते खरंच आहे, ॲडमिरलचा झेंडा ज्या जहाजावर ते फ्लॅगशिप, पण आज हा शब्द कंपनीच्या सगळ्यात भारी फोनला लावतात.

बाकी ॲप ऑफलाइन चालतं, फॉन्ट मोठा करता येतो, उच्चार स्पष्ट आहे. दर चौथ्या शब्दाला जाहिरात येते, ती बंद करायची फुली मुंगीएवढी.

शेवटी चूक कळवायची ठरवली. शब्दाच्या उजव्या कोपऱ्यात त्यासाठी बटण आहे आणि बटणावर चित्र कसलं, तर छोट्या लाल झेंड्याचं. म्हणजे ज्याने बटण बनवलं त्याला अर्थ माहितीय, ज्याने शब्द भरले त्याला नाही, दोघं एकमेकांशी बोलत नसावेत. दाबलं, राहिलेले अर्थ टाइप केले, पाठवले. स्क्रीनवर उत्तर आलं, 'आपला झेंडा मिळाला. धन्यवाद.'

तीन स्टार. त्यातला एक फरशीसाठी.