टोनी हॉक्स अंडरग्राउंड, काही महिन्यांनंतर: गाडीमागे मजा, गाडीत कंटाळा

नेव्हरसॉफ्ट कंपनीचा २००३चा हा स्केटबोर्डिंग गेम प्लेस्टेशन २ आणि संगणकावरचा एम्युलेटर (कन्सोलचे गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) अशा दोन्हींवर निवांत खेळून लिहितोय. ग्राफिक्स आणि गाण्यांबद्दल भरपूर लिहून झालंय, म्हणून इथे फक्त गाड्या.

आधी स्किचिंग. चालत्या गाडीला मागून धरायचं आणि तिच्याबरोबर बोर्डवरून ओढलं जायचं. हे याच मालिकेतल्या प्रो स्केटर ४ मध्ये (२००२) होतं, तिथून इथे आलं. गाडीच्या मागे सरळ रेषेत या, चाकं जमिनीवर असू द्या आणि जवळ पोचल्यावर ‘वर’ दाबा. पकड बसली की तोल सांभाळायचा, डावीकडे-उजवीकडे. बटण दाबून ठेवलं की स्क्रीनवरचा तोलाचा काटा दुसऱ्या टोकाला जातो आणि तुम्ही रस्त्यावर. हलके, सुटे सुटे दाब द्या. सुटायचं असेल तर वळण यायच्या आत, रस्ता सरळ असतानाच ऑली (बोर्डसकट उडी) मारून सुटा.

पकड हुकली की बहुतेक जण घाबरून ‘खाली’ दाबतात. वर-खाली म्हणजे या गेममध्ये मॅन्युअल, त्यामुळे गाडी पुढे निघून जाते आणि तुम्ही मागच्या दोन चाकांवर तोल सावरत बसता. अशा वेळी काहीच दाबू नका. वेग घेऊन पुन्हा मागून या. ॲनालॉग काडीपेक्षा दिशेची बटणं बरी. काडी तिरकी गेली तर नेमका ‘वर’ लागत नाही.

एम्युलेटर कीबोर्डवर चालवत असाल तर आणखी एक. बोर्डवरून उतरायला एल१ आणि आर१ (कंट्रोलरच्या वरच्या कडेची दोन बटणं) एकदम दाबावं लागतं. स्वस्त कीबोर्ड एका वेळी दाबलेल्या तीन-चार कळांतली एखादी गिळतो. म्हणून या दोन कळा बदलून पाहा, नाहीतर सरळ कंट्रोलर घ्या.

आता गाडी स्वतः चालवण्याबद्दल. मोजक्या मोहिमांत ती चालवावी लागते आणि गेमचा सगळ्यात पडका भाग हाच. स्टिअरिंग नको इतकं हलकं, गाडीला वजनच जाणवत नाही, वळणावर ती घसरत राहते. शिवाय नकाशे बोर्डसाठी बांधलेत: कठडे, रेलिंग, रॅम्प. स्केटरला जिथे गुण मिळतात तिथेच गाडी अडकते. कॉम्बो (सलग जोडलेल्या ट्रिक्स) नाही, ट्रिक नाही, नुसतं इकडून तिकडे जायचं. वेग कमी करून, लवकर वळत चालवलं की मोहिमा पार पडतात. फुल ॲक्सिलरेटर दाबून वेळ वाचेल असं वाटतं, पण भिंतीवर आपटून तो जातोच.

गोष्टीत मात्र वाहनांचं काम झकास आहे (पुढे कथा फुटते, सांभाळून). न्यू जर्सी सोडायची वेळ येते ती तुमच्या मित्राने, एरिक स्पॅरोने, ड्रग विकणाऱ्यांची गाडी जाळल्यामुळे. हवाईत हॉटेलच्या छतावरून हेलिकॉप्टरवरून मारलेली मॅकट्विस्ट (हवेत उलटं होत दीड फेरी घेण्याची ट्रिक), हा अख्ख्या मालिकेतल्या सर्वोत्तम क्षणांपैकी एक. मॉस्कोत रणगाडा. तिन्ही ठिकाणी वाहन कथेला ढकलतं. तुम्हाला ड्रायव्हर करणं मात्र कुणीच टाळलेलं नाही, हे दुर्दैव.

तुलनेला याच मालिकेतला २००५चा अमेरिकन वेस्टलँड घ्या. तिथे बीएमएक्स सायकल आहे आणि उजव्या काडीवर तिच्या स्वतंत्र ट्रिक्स. म्हणजे वाहन बदललं तरी खेळ ट्रिकचाच राहतो, त्यामुळे ती खुपत नाही. ईए कंपनीच्या २००७च्या ‘स्केट’ या गेममध्ये रहदारी धोक्यासारखी येते: सॅन व्हॅनेलोना या त्यातल्या काल्पनिक शहरात रस्त्यावर बेसावध उतरलात तर धडक खाऊन लोळण. तिथेही गाडीला धरता येतं, पण हातात स्टिअरिंग कुणी देत नाही.

अंडरग्राउंड नव्याने सुरू करत असाल तर अडचणीची पातळी ‘सिक’ (सगळ्यात कठीण) ठेवू नका. बोर्डच्या मोहिमांत तिची मजा आहे, स्टिअरिंगमागे नुसती डोकेदुखी.