चुना आप्पांच्या डबीत होता, लागला मला

मी फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, हसायचं ते हसून घ्या: २,३४,००० रुपये. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायच्या 'हर्बल' पावडरीची चाळीस पोती, पंचवीस किलोचं पोतं ४,६०० ला, म्हणजे १,८४,०००. वर तालुक्याच्या डीलरशिपचं डिपॉझिट ५०,०००. कोंबड्यांच्या एका बॅचमध्ये तुटले ते ९१,५०० वेगळेच.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडला माझं पाच हजार पक्ष्यांचं, म्हणजे कोंबड्यांचं, शेड आहे. कंपनीचे पक्षी वाढवून द्यायच्या कराराला कंटाळून स्वतःची बॅच टाकायला लागलो होतो. डिसेंबरात ही पावडर विकणारा माणूस दहा किलोचं सॅम्पल फुकट देऊन गेला. अडतिसाव्या दिवशी पक्षी सव्वादोन किलोवर! थंडीत आपल्याकडे पक्षी तसाही चांगला उठतो, पण श्रेय पावडरीला. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, तो परत आला. मी त्याला शेतात बसवून हुरडा खाऊ घातला, जाताना शेंगाचटणी बांधून दिली. ते आठवलं की पैशापेक्षा जास्त जळतं. पुढचं तुम्हाला पाठ असेल: हर्बल कोंबडी आम्हीच पुण्याला नेऊ, किलोमागे वीस रुपये जादा देऊ, गाडी आमची, वगैरे.

मी अगदीच खुळा नाही. हळद, लसूण, कडुनिंब, शेवग्याचा पाला लोक पक्ष्यांना देतात, ते काही थोतांड नाही. २०१९ मध्ये केंद्रानं कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली, तेव्हापासून जो तो अँटिबायोटिकला पर्याय शोधतोय. त्यानं खोट्यात एवढं खरं कालवलं होतं.

पण त्या दुपारचं काय करू? पैसे पाठवायच्या आधी आप्पांनी पोत्यातली चिमूटभर पावडर तळहातावर घेतली, तंबाखूच्या डबीतला चुना लावून चोळली. पिवळी ती पिवळीच. "आरं, हळद असती तर लाल झाली असती. ह्यो नुसता रंग हाय." हळदीला चुना लागला की लाल होते हे आमच्या घरातल्या पोरीला माहीत. आणि मी, बारावी सायन्स, म्हणालो, "आप्पा, हा अर्क असतो, तुम्हाला नाही कळायचं." अर्कही लालच होतो! तो माणूस शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

साधा हिशेबही केला नाही. टनाला दोन किलो डोस. माझ्या बॅचला साडेसतरा टन खाद्य, म्हणजे पस्तीस किलो पावडर. चाळीस पोती मला अठ्ठावीस बॅच, म्हणजे पाच वर्षं पुरली असती. तीन पोती पाहुण्यांना विकलीही. ते १३,८०० मी खिशातून परत केलेत, उगाच कुणी बोलायला नको.

एप्रिलच्या बॅचला मर सुरू झाली. डॉक्टरांनी पक्षी फाडला तर हृदयावर, काळजावर खडू फासल्यासारखा पांढरा थर. गाऊट, म्हणजे किडनी बिघडून अंगात युरिक ॲसिड साठणं. पावडरीवर लिंबू पिळलं, फसफसली. दगडाची भुकटी! कॅल्शियम फार जादा झालं की किडनी जाऊ शकते. उन्हाळ्याची त्यात भर. ४१२ पक्षी गेले. उरलेले घेऊन पुण्याच्या गाडीची सहा दिवस वाट बघितली. रोज सतरा पोती खाद्य. फोन बंद. शेवटी मिळेल त्या भावात पक्षी विकून टाकले.

पोलीस म्हणाले, दिवाणी आहे. पशुसंवर्धनवाले म्हणाले, ही लस नाही, औषध नाही, आमच्याकडं कशाला? औषधवाले म्हणाले, हे खाद्य. खाद्य बघणारा साहेब मीटिंगला. तीनदा गेलो, तीनदा मीटिंगला. ग्राहक आयोगाच्या दारात एका वकिलानं सांगितलं, डीलरशिप घेतलीत म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही. मग मी आहे कोण? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर पहिला प्रश्न, "पैसे गेल्याला किती तास झाले?" तीन महिने झाले होते. तुमचं असं काही झालं तर लाज गिळून त्याच दिवशी फोन करा.

पैसे गेले ते कुणा बाईच्या सेव्हिंग खात्यात, बिल कच्चं, पोत्यावर ना बॅच नंबर ना तारीख, नुसता मोबाईल. हे सगळं मी पाहिलं होतं, बरं का. नवीन काहीही घातलंत तर शंभर पक्षी जाळीनं वेगळे ठेवून त्यांना घालू नका आणि वजन ताडून बघा. सॅम्पल एकाच हंगामात बघून पैसे देऊ नका.

पस्तीस बंद पोती अजून शेडमध्ये आहेत. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला भागात कुणाकडं अशी हिरव्या पट्ट्याची पिवळी पोती असतील तर कच्चं बिल असलं तरी सांभाळून ठेवा आणि मला कळवा. चार-पाच जण एकदम गेलो तर तक्रार लिहून घेऊ, असं एक हवालदार म्हणालेत.