मुलीच्या टॉप्ससाठी सुटे हिरे घेतले: जीआयए रिपोर्ट किती कामाचा?

फेब्रुवारीत मुलीचं लग्न झालं. मोत्याच्या कुड्या घरात आहेतच, मला रोज ऑफिसला घालता येतील असे एकेरी हिऱ्याचे टॉप्स हवेत असं तिनं सांगितलं आणि मग दोन महिने मी फक्त जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचे रिपोर्ट वाचत होते. त्यामुळे हा रिव्ह्यू रिपोर्टचाच आहे. सोनं सोडून बजेट सव्वा लाख, एकेक हिरा साधारण ४० सेंटचा, म्हणजे ०.४० कॅरेट. इथे कॅरेट म्हणजे वजन बरं का, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, सोन्याच्या २२ कॅरेटशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या घरी पहिले आठ दिवस हाच गोंधळ चालू होता.

सुरुवात आमच्याच भागातल्या एका दुकानापासून केली, नाव देत नाही. मी सर्टिफिकेट विचारलं तर त्यांनी दागिन्याचं हॉलमार्क दाखवलं. अहो हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचं असतं, तो सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, हिऱ्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. मग दुकानाचंच छापलेलं एक कार्ड काढलं, त्यावर वजन, रंग, क्लॅरिटी (म्हणजे आत दोष किती) सगळं होतं, पण तपासणारे आणि विकणारे एकच. तिथून उठलो.

दुसऱ्या दुकानात मात्र खरे जीआयए रिपोर्ट होते आणि मी सगळ्यात जास्त शिकले ते तिथे. दोन हिरे समोर ठेवले आणि सांगितलं, ताई, दोन्ही ४० सेंट, दोन्ही जी कलर, दोन्ही व्हीएस२ क्लॅरिटी, डोळे मिटून घ्या. कागद पाहिले तर खरंच तसंच होतं. पण दोन बोटांच्या बेचक्यात शेजारी शेजारी धरून बघितले तर एक मोठा आणि लखलखीत, दुसरा जरा लहान आणि मधे काळपट. आमचे हे म्हणाले तुला उगाच वाटतंय. मग मी रिपोर्टवरची ती मापाची ओळ वाचली जी आपण सगळेच सोडून देतो. पहिल्याची मापं ४.७४ ते ४.७६ मिमी व्यास आणि २.९३ मिमी खोली, दुसऱ्याची ४.५८ ते ४.६१ आणि खोली ३.००. म्हणजे दुसऱ्याची डेप्थ, व्यासाच्या मानाने खोली, ६५.३ टक्के, गर्डल म्हणजे हिऱ्याची कड जाड, कट म्हणजे घडणीची ग्रेड गुड. पहिल्याची डेप्थ ६१.७ आणि कट एक्सलंट. वजन सारखंच, पण दुसऱ्याचं वजन पोटात आणि कडेत दडलेलं, वरून बघितलं तर तो ३६ सेंटच्या हिऱ्याएवढा दिसतो, आणि पैसे मात्र ४० सेंटचे. शिवाय फार खोल हिऱ्यात वरून शिरलेला उजेड परत वर येण्याऐवजी खालून निसटतो म्हणून तो मधे काळा दिसतो. लबाडी म्हणावी असं कागदात काहीच नव्हतं, सगळं लिहिलेलं होतं, फक्त विकणारा माणूस वजन, रंग, क्लॅरिटी आणि कट या चारातल्या तीनच गोष्टी मोठ्याने बोलत होता. कट बोलतच नव्हता!

म्हणून माझं मत अगदी पक्कं झालंय, गोल हिरा घेताना आधी कट बघा आणि मग बाकीचं. जीआयए कटला एक्सलंट ते पुअर अशा पाच ग्रेड देते आणि त्यासुद्धा फक्त गोल ब्रिलियंटला, २००६ पासून. ओव्हल, पेअर, प्रिन्सेस या दुसऱ्या आकारांच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री असते पण कट ग्रेड नसते, तिथे माप आणि स्वतःचे डोळे. ट्रिपल एक्सलंट म्हणतात ना, ते म्हणजे कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट.

रंगाचं तुम्हाला माहीत असेलच, डी पासून झेड पर्यंत, डी म्हणजे अजिबात रंग नाही आणि पुढे पुढे पिवळसर झाक वाढत जाते. ए पासून का नाही तर पूर्वी बाजारात ए, डबल ए अशा ज्याच्या त्याच्या ग्रेड चालायच्या, त्यांच्याशी गल्लत नको म्हणून डी पासून सुरुवात. रंग तपासताना हिरा उलटा ठेवतात, टोक वर, पांढऱ्यावर, आणि शेजारी ठरलेल्या रंगाचे मास्टर स्टोन. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली जी आणि आय मधला फरक मला तरी कळला नाही, दुकानाबाहेर येऊन पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरा उलटा ठेवला तेव्हा कळला. क्लॅरिटी १० पट भिंगाखाली ठरते. व्हीएस२ मधला दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, त्यामुळे ४० सेंटच्या कानातल्यासाठी त्याच्या वरच्या व्हीव्हीएस ग्रेडचे पैसे मोजणं मला पटलं नाही, तेच पैसे कटमधे घातले.

मग ओळखीतून मुंबईत ऑपेरा हाऊसला एका हिरे व्यापाऱ्याच्या ऑफिसात गेलो. गुजराती गृहस्थ, वयस्कर, बोलणं शांत. पुड्या उघडून चिमट्याने एकेक हिरा दाखवला, आयग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बेन, घाई करू नका, कागद नंतर बघा, आधी हिरा बघा. इथे मला फ्लोरोसन्स कळला, म्हणजे यूव्ही उजेडात हिरा चमकणं. रिपोर्टवर नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग असं लिहिलेलं असतं. त्यांनी नोटा तपासायचा यूव्ही दिवा लावला आणि खाली जोडी ठेवली, एक हिरा तसाच राहिला आणि दुसरा निळा पेटला! कागदावर दोन्ही एफ कलर, दोन्ही ट्रिपल एक्सलंट. स्ट्राँग फ्लोरोसन्सवाला हिरा बाजारात स्वस्त मिळतो आणि तसे सगळेच हिरे दुधी दिसतात असं अजिबात नाही, एकट्या अंगठीसाठी तर मी विचार केलाही असता. पण ही जोडी दोन कानांत जाणार, उन्हात एक निळसर आणि एक नाही असं नको. जोडी घेणाऱ्यांनी ही ओळ जरूर जुळवा.

शेवटी घेतले ते जी, व्हीएस२, ट्रिपल एक्सलंट, फ्लोरोसन्स दोन्हीचा नन, व्यासात फरक फक्त ०.०३ मिमी. एक ०.४० आणि एक ०.४१. दर कॅरेटचा भाव ०.५०, ०.७०, ०.९०, १.०० अशा टप्प्यांवर उडी मारतो, त्यामुळे ज्यांना अर्ध्या कॅरेटचा हवाय त्यांनी ०.४७, ०.४८ विचारून बघावं, डोळ्यांना फरक पडत नाही.

आता रिपोर्टबद्दल थेट सांगते. जीआयए ही १९३१ सालची अमेरिकन संस्था, लॅब आपल्या बीकेसीतही आहे, आणि ती हिरे विकत नाही ही सगळ्यात मोठी गोष्ट. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. रिपोर्टचा नंबर टाकला की वेबसाइटवर रिपोर्ट उघडतो, मी विकणाऱ्यासमोरच मोबाईलवर उघडला. एक स्टार कापला कारण लहान हिऱ्यांना बहुतेक वेळा डॉसिए नावाचा छोटा रिपोर्ट असतो आणि त्यात दोष कुठे आहेत याचा नकाशाच नसतो, क्रिस्टल, फेदर, क्लाऊड अशी दोषांची नुसती नावं. व्हीएसच्या खालच्या एसआय ग्रेडचा घेणाऱ्याला हे नक्की अडचणीचं होईल, दोष बरोबर मधोमध आहे की कडेला हे कागदावरून कळतच नाही. आणि कमेंट्सची बारीक अक्षरातली ओळ वाचा, तिथे क्लॅरिटी ग्रेड न दाखवलेल्या क्लाऊड्सवर आधारित आहे असं लिहिलेलं असेल तर हिरा धुरकट दिसतोय का ते जास्त निरखून बघा. अजून एक, रिपोर्टवर किंमत नसते. ज्या कागदावर हिऱ्याची भलीमोठी किंमत छापून वर डिस्काउंट देतात तो वेगळा कागद, त्याला भुलू नका.

आयजीआयचे रिपोर्ट आपल्याकडे खूप दिसतात, ती पण जुनी लॅब आहे, १९७५ ची, अँटवर्पची. फक्त दोन लॅबचे जी कलर शेजारी ठेवून किंमत कंपेअर करू नका, बाजारही तसं करत नाही. मुलगी म्हणत होती सीव्हीडी, म्हणजे लॅबमधे बनवलेला हिरा, घेऊ, त्याच पैशात कितीतरी मोठा येईल, आणि ते खरंच आहे. पण विकायची वेळ आली तर काय हा विचार करून आम्ही नैसर्गिक घेतला. लॅबमधे बनवलेल्या हिऱ्यांना तर जीआयए ऑक्टोबर २०२५ पासून डी ते झेड देतच नाही, प्रीमियम आणि स्टँडर्ड एवढंच.

रिपोर्ट खरा असून हिरा दुसराच, हे पण होतं, गर्डलवर खोटा रिपोर्ट नंबर कोरलेले, लॅबमधे बनवलेले हिरे खुद्द जीआयएकडेच तपासणीत सापडलेत. साधा डायमंड टेस्टर इथे उपयोगाचा नाही, सीव्हीडी त्यावर हिरा म्हणूनच पास होतो, कारण तो हिराच आहे. म्हणून नंबर जुळला तरी आम्ही वजन करायला लावलं, मायक्रोमीटरने व्यास घ्यायला लावला, दोन दशांशांपर्यंत जुळलं आणि त्यांच्याकडच्या मायक्रोस्कोपखाली नंबर वाचला. वीस मिनिटं गेली, पण त्या भल्या माणसानं कपाळाला आठी पाडली नाही. बिलावर दोन्ही रिपोर्ट नंबर लिहून घेतले. सुट्या हिऱ्यावर जीएसटी दीड टक्का, तयार दागिन्यावर ३ टक्के.

टॉप्स बनवायला आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे दिले. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की नंबर प्रॉंगखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या पायांखाली, झाकू नका, दोन प्रॉंगच्या मधे येऊ दे. त्यांनी तसंच बसवलं, आणि घ्यायला गेले तेव्हा स्वतःच मोठं भिंग काढून दोन्ही नंबर माझ्याकडून वाचून घेतले, मगच डबी हातात दिली.