माहीम दर्ग्याजवळचे हॉटेल : दुसऱ्याच्या ताटाचे पैसे

मुंबईत माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याच्या परिसरात काही साधी हॉटेले आहेत. त्यांच्या दारापुढे उपाशी माणसे रांगेने उकिडवी बसलेली असतात आणि येणारा-जाणारा कोणीही गल्ल्यावर पैसे भरून त्यांतल्या पाच-दहा जणांना जेवू घालू शकतो. अशाच एका हॉटेलात मी स्वतः जेवलो आणि बाहेरच्या काही जणांचेही पैसे भरले.

जेवण डाळ, भात, भाजी आणि रोटीचे. भाजीत तेल जरा जास्त होते, डाळ मात्र चांगली गरम होती. महत्त्वाचे हे, की माझ्या टेबलावर आले तेच अन्न, त्याच पातेल्यातून, बाहेरच्या ताटांतही वाढले गेले.

ज्या दानापाठोपाठ घेणाऱ्याचे मन दुखावले जाते, त्यापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी, असे कुरआनच्या सूरह (अध्याय) अल-बकरामध्ये (आयत, म्हणजे वचन, 263) म्हटले आहे आणि पुढच्याच आयतीत, उपकार बोलून दाखवल्याने दान वाया जाते, असे बजावले आहे. इथली गल्ल्याची पद्धत ही शिकवण फार सहजपणे पाळते, कारण पैसे मालकाकडे जातात, ताट कामगाराच्या हातून येते आणि जेवणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. जात-धर्मही कोणी विचारत नाही. गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालून ‘आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको, आभारही नकोत’ म्हणणाऱ्यांची सूरह अल-इन्सानमध्ये प्रशंसा आहे, आणि त्या काळी कैदी म्हणजे बहुधा लढाईत पकडलेला शत्रूपक्षाचा माणूस, हे लक्षात घेतले तर या शिकवणीचा आवाका कळतो.

वाढणाऱ्या तरुणाचे विशेष कौतुक करायला हवे. एका वृद्धाला रोटी चावता येत नाही हे पाहून त्याने न सांगता ती कुस्करली, वर डाळ ओतली आणि ताट जमिनीवर न टेकवता त्यांच्या हातात दिले. सौम्यपणा ज्या गोष्टीत असतो तिला शोभा आणतो, ही पैगंबरांची हदीस (त्यांच्या नावे सांगितली जाणारी उक्ती) मला तिथे पटली. गर्दी वाढल्यावर मात्र दुसरा एक कामगार ‘चल, उठ, पुढे सरक’ असे खेकसू लागला, ते खटकले.

आणखी दोन उणिवा दूर व्हायला हव्यात. रांग भर उन्हात असते, तिच्यावर साधे छप्परही नाही. आणि बाहेरच्यांना पाणी मागून घ्यावे लागते. झोपी गेलेल्या आईसाठी पाण्याचे भांडे हातात घेऊन रात्रभर उभे राहिल्याची आख्यायिका ज्या संताविषयी सांगतात, त्यांच्या शेजारी तरी पाणी न मागता मिळायला हवे.

गुरुवारी दर्ग्यावर गर्दी असते, त्यामुळे शक्यतो इतर दिवशी जावे. पैसे भरल्यावर ताटे पोचेपर्यंत आत थांबता येते, मालक हरकत घेत नाही. जेवणाऱ्यांचे फोटो मात्र कृपया काढू नयेत.