बीकेसीची बाटली: जाळं धुवायला उत्तम, मासा वाचवायला नाही

नागपूर परिसरात मत्स्यखाद्य विकणाऱ्या दुकानात ‘बीकेसी’ मागितलं की ५० किंवा ८० टक्के बेन्झाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाची बाटली हातात येते. कंपनी बदलते, लेबलवरचा दावा सहसा तोच असतो: सर्व जिवाणूजन्य रोगांवर प्रभावी. हे परीक्षण त्या द्रावणाचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. जाळी-टब धुण्यासाठी पाचपैकी साडेचार, तळ्याच्या पाण्यासाठी अडीच आणि रोग अंगात भिनलेल्या माशासाठी शून्य.

शून्य का, ते जिवाणू माशात कुठे बसतो यावर ठरतं. बीकेसीचा रेणू धनभारित असतो. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋणभार असतो, तिथे तो चिकटतो आणि आवरण फाडतो. म्हणजे जिवाणू त्याच्या थेट संपर्कात यायला हवा. फ्लेवोबॅक्टेरियम कॉलमनेरी हा जिवाणू कल्ल्यांवर आणि कातडीवर सरपटत पसरतो, ऊती विरघळवणारी विकरं सोडतो, कल्ल्याच्या कडा पिवळट होऊन झडू लागतात. हा धुडगूस पृष्ठभागावरचा. सुरुवातीलाच पकडला तर द्रावण तिथवर पोचतं, आणि बाटली आपल्या किमतीला जागते ती इथेच.

एरोमोनस हायड्रोफिला हा जिवाणू आपल्या तळ्यांत बारमाही असतोच. जाळ्यानं खरचटलेल्या, खवला निघालेल्या जागी तो आपल्या तंतूंनी चिकटतो आणि एरोलायसिन नावाचं विष सोडतो. गंमत अशी की हे विष बाहेर पडतं तेव्हा निष्क्रिय असतं. माशाचीच विकरं त्याचा तुकडा तोडून ते चालू करतात. मग सात रेणू मिळून पेशीच्या पटलात कडं करतात, मधोमध भोक पडतं, क्षारांचा तोल जातो, पेशी फुगून फुटते. रोहू-कटल्याचं पोट लाल दिसलं, खवले उभे राहिले, की जिवाणू रक्तात गेला असं धरा. पाण्यात ओतलेलं बीकेसी रक्तात जात नाही.

पंगस माशातला एडवर्डसिएला इक्टालुरी हा जिवाणू तर याहून वस्ताद. जिवाणू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात आणि तो तिथेच मुक्काम ठोकतो. ज्या कप्प्यात त्याला पचवायचं, तिथली आम्लता तो युरिएज विकरानं अमोनिया तयार करून कमी करतो, सुईसारख्या यंत्रणेनं पेशीत स्वतःची प्रथिनं टोचतो आणि आतच वाढतो. मासा चिरल्यावर यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडावर पांढरे ठिपके दिसतात. इथे पाण्यात बाटली ओतणं म्हणजे घरात शिरलेल्या चोरासाठी अंगणात जागल्या बसवणं.

आता मात्रा. लेबलवर एकरी १ लिटर लिहिलेलं असेल आणि पाणी १ मीटर खोल असेल, तर ४,०४७ घनमीटरला १ लिटर, म्हणजे जेमतेम ०.२५ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत पाव भाग) द्रावण पडतं. ५० टक्क्यांच्या बाटलीतून त्यातला निम्माच औषधी भाग. ३०×३०×३ मीटरचं शेततळं उताराच्या बाजूंमुळे (१:१) २,७०० नव्हे, २,१९६ घनमीटर भरतं. भरल्या तळ्याला हीच तीव्रता हवी तर ५५० मिलि लागतं. क्षेत्रफळ पाहून २२० मिलि ओतणाऱ्याला ०.१ पीपीएमच मिळतं, पैसे पाण्यात. उलट मे महिन्यात पाणी मीटरभर उरलं की घनफळ सुमारे ६२५ घनमीटर असतं, आणि तेव्हा जुन्या सवयीनं ५५० मिलि टाकलं तर तीव्रता साडेतीनपट होते. कल्ल्यांना भाजतं. ८० टक्क्यांची बाटली असेल तर मात्रा ५० टक्क्यांच्या पाच-अष्टमांश घ्यावी.

नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हे द्रावण टाळलेलंच बरं. ते शेवाळ मारतं, मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं, आणि तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. टाकायचंच तर ऊन चढल्यावर, एअरेटर चालू ठेवून, त्या दिवशीचं खाद्य बंद करून, दहापट पाण्यात पातळ करून सगळीकडे शिंपडावं. पहाटे माशांनी वर येऊन तोंडं काढली तर टाकूच नये. गढूळ, शेणखताच्या पाण्यात सेंद्रिय कणच त्याला खाऊन टाकतात. बायोफ्लॉकच्या टाकीत (जिथे जिवाणूंचे पुंजके पाणी स्वच्छ राखतात) तर अजिबात नको: अमोनिया पचवणारे जिवाणूही मरतात आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंचं मिश्रण) त्याच दिवशी टाकणं म्हणजे दोन्ही बाटल्यांचे पैसे वाया.

जाळ्यांसाठी मात्र याला तोड नाही. ५० टक्क्यांचं १० मिलि १० लिटर स्वच्छ पाण्यात घ्या. चिखल आणि शेवाळ आधी धुऊन जाळं १५ मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यात खळबळून उन्हात वाळवा. कपड्याच्या साबणाची पावडर आधी वापरली असेल तर ती पूर्ण निघायला हवी, कारण साबणाच्या ऋणभारानं बीकेसी निकामी होतं. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडण्यापूर्वी टब असेच धुवावेत.

दुकानात बाटली हलवून फेस दाखवतात. साबणालाही फेस येतो, त्यावरून काही ठरत नाही. टक्केवारी, बॅच आणि मुदत छापलेली नसेल तर घेऊ नका. हॉटेलच्या स्वयंपाकघरात जंतुनाशक द्रावण तपासायला वापरतात त्या क्वाट पट्ट्या (बीकेसीच्या वर्गातली रसायनं मोजणाऱ्या) मिळाल्या तर पातळ केलेल्या द्रावणाची ताकद घरीच कळते.

रक्तात किंवा पेशीत गेलेल्या रोगाला खाद्यातून औषध लागतं, तेही तज्ज्ञांनी सांगितलेलं आणि मासा अजून खात असतानाच. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान मत्स्यपालनात बंदी असलेली औषधं आहेत. कोणी पुडी पुढे केली तर परत करा. तपासणीसाठी नागपुरात तेलंगखेडीला माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मेलेला मासा नेऊ नका, त्यात कुजवणारे जिवाणू आधी वाढतात आणि अहवाल चुकतो. लक्षणं असलेले तीन-चार जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या. एडवर्डसिएला इक्टालुरी प्रयोगशाळेतल्या बशीवर वाढून दिसायलाच ३६ ते ४८ तास घेतो आणि प्रतिजैविकाची चाचणी त्यानंतर लागते, म्हणून मर सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी निघा.