हीथ्रो ते स्कीपोल: तिकिटावर सव्वा तास, घरापासून धरले तर सहा

आईला घेऊन लंडनहून ॲम्स्टरडॅमला जाऊन आले त्याबद्दल लिहिते, कारण बुक करताना मला कुणी हे नीट सांगितलं नव्हतं. हीथ्रो ते स्कीपोल (ॲम्स्टरडॅमचा विमानतळ) सरळ रेषेत साधारण 370 किमी, म्हणजे आपलं मुंबई-कोल्हापूर रस्त्याने जेवढं तेवढं समजा. तिकिटावर वेळ सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटं आणि घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे साडेनऊला निघून पोचायची वेळ 11:50 दिसते, बघून घाबरू नका.

पण खरं उडणं किती? मी मोबाईलवर टाइम लावून बघितलं, चाकं उचलली ते टेकली 48 मिनिटं. वर चढून होतंय न होतंय तोवर उतरायला सुरुवात, चहाची ट्रॉली आमच्या रांगेपर्यंत आली आणि कप परत मागायलाही लागले. बाकीचा वेळ जमिनीवरच जातो. आमचं विमान गेटवरून 25 मिनिटं उशिरा निघालं आणि ॲपवर शेवटपर्यंत ऑन टाइम, याचा मला खरंच राग आला. एअरलाईनचं नाव घेत नाही, पण वयस्कर माणूस सोबत असताना आधी कळलं तर बसायला तरी बरं पडतं ना.

स्कीपोलला पोल्डरबान नावाचा रनवे आहे, 2003 चा, टर्मिनलपासून इतका लांब की उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं विमान नुसतं चालतच राहतं. मधे हायवेवरचा पूल लागतो. खाली गाड्या पळतायत, वर आपलं विमान! आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "अगं, खालनं ट्रक गेला की!" माझ्यासाठी तिकिटाचे पैसे तिथंच वसूल. आणि हा सगळा विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे, 1852 ला आटवलेल्या तलावाच्या तळावर, हे सांगितल्यावर तर ती किती वेळ बाहेरच बघत बसली.

भारतीय पासपोर्ट असेल तर हीथ्रोवरच शेंगेन व्हिसा तपासतात, ऑनलाईन चेक-इन केलं तरी काउंटरला वेळ धरा. तिकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, आम्हाला 35 मिनिटं लागली. मग ट्रेन मात्र एकदम मस्त, स्टेशन विमानतळाच्या खालीच, पंधरा-सतरा मिनिटांत ॲम्स्टरडॅम सेंट्रल स्टेशन. लंडनमधल्या हॅरोच्या घरून साडेसहाला निघालो होतो, सेंट्रलला तिथले दीड वाजले, म्हणजे धड सहा तास.

युरोस्टार ट्रेन लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून थेट साधारण चार तास घेते, वर घरून स्टेशन आणि तिथलं चेकिंग मिळवलं तर हिशोब तेवढाच होतो आणि उतरता थेट शहरात. मी एकटी असते तर ट्रेनच घेतली असती. हीथ्रोच्या जवळ राहणाऱ्यांनी मात्र विमानच घ्यावं.

परतीला उलटं, तिथून साडेसहाला निघून इथले 6:50. पण हीथ्रोला गर्दी असली की लॅम्बर्नवर, म्हणजे एसेक्सच्या डोक्यावर, घिरट्या घालायला लावतात, आम्ही तीन घातल्या. घ्यायला येणाऱ्याला आठच्या आधी बोलावू नका.